तुरटीची खूण

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं कधीच पटलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण हल्ली आमच्या कागदाबद्दल कुणी काही लिहिलं की त्यात आम्हा दोघांचं नातं फार गोड करून दाखवतात. सासऱ्यांनी मायेने सुनेच्या हाती कला सोपवली, असं एका ठिकाणी वाचलं आणि माझा चहा बशीत सांडला. माया कसली डोंबलाची. तेवीस वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत आलो, आणि तेही रोज, एकाच खोलीत, एकाच हौदाच्या दोन बाजूंना बसून.

सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात. ते जन्मले बेंगळूरलाच. त्यांच्या वडिलांनी चामराजपेटेत बाइंडिंगचं दुकान टाकलं आणि दुकानामागच्या खोलीत अबरीचं काम सुरू केलं. अबरी म्हणजे जाड वह्या-पुस्तकांच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवतात तो रंगांच्या लाटांचा कागद. बाजारात त्याला मार्बल पेपर म्हणतात. छापलेला मार्बल पेपर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, आणि तो दिसला की अण्णा तोंड फिरवतात. आमचा हातचा. पुढे बाइंडिंग बंद पडलं, दुकानाची पुढची खोली झेरॉक्सवाल्याला भाड्याने गेली, मागच्या खोलीत अबरी राहिली.

माझा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याने या कामाला कधी हात लावला नाही आणि अण्णांनीही त्याला कधी लाव म्हटलं नाही. राजाजीनगरातल्या आमच्या घरून अण्णा रोज सकाळी एकटेच चामराजपेटेला जायचे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी म्हटलं, मीही येते, घरी बसून करू काय? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सरी. पण मधे बोलायचं नाही." सरी म्हणजे ठीक; आमच्या घरात कन्नड अशी मधे मधे येतेच. तेव्हापासून एका रिक्षात शेजारी शेजारी बसून जायचं आणि एका रिक्षात परत यायचं. रिक्षावाल्यांशी ते कन्नडमधून पोटभर गप्पा मारतात. सरकारपासून नारळाच्या भावापर्यंत सगळे विषय होतात. माझ्याशी पहिल्या वर्षभरात रिक्षात बोललेलं वाक्य मला एकच आठवतं. "ओढणी आत घे."

काम दिसायला सोपं आहे. संध्याकाळी मेथी भिजत घालायची. सकाळपर्यंत पाणी बुळबुळीत होतं. ते मलमलीतून गाळून पत्र्याच्या उथळ हौदात ओतायचं. त्यावर कुंच्याने रंगाचे थेंब टाकायचे. थेंब बुडत नाही, पसरतो, एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. मग काडीने किंवा खिळ्यांच्या फणीने ओढून नक्षी काढायची आणि तुरटी लावलेला कागद एका कोपऱ्यापासून हळूहळू पाण्यावर उतरवायचा. उचलला की पाण्यावरची नक्षी कागदावर आलेली असते. मूळ रीतीत रंग तरंगावा म्हणून गुरांचं पित्त घालतात. आमच्या घरात ते चालणार नव्हतं, म्हणून रिठ्याचं पाणी. पित्ताची कमतरता मात्र त्या खोलीत कधी जाणवली नाही.

कागद दोन कारणांनी बिघडतो. उतरवताना हात चुकला तर खाली हवा अडकते आणि तिथे पांढरा गोल राहतो. त्याला आम्ही डोळा म्हणतो. पाणी चुकलं तर रंग पसरतच नाही, दाणे धरतो, रवाळ होतो, नक्षीच्या कडा तुटतात. बोअरच्या पाण्यात हमखास असं होतं, म्हणून मेथीला फक्त कावेरीचं पाणी. बिघडलेला कागद बघून चूक हाताची की पाण्याची हे आमच्या घरात कुणीही सांगेल. नवरा सोडून.

आणि बिघडलेला कागद ठेवायचा नाही. ज्याच्या चुकीने बिघडला त्याने तो स्वतःच्या हाताने फाडायचा, चार तुकडे करायचे. दुसऱ्याने फाडायचा नाही. ही अण्णांच्या वडिलांपासूनची रीत. हौदावर कोण बसलं होतं याच्याशी तिचा संबंध नाही. मेथी पातळ झाली म्हणून अण्णांचे कागद बिघडले, तेव्हा तेही त्यांनी माझ्याकडून फाडून घेतले. मी रडत फाडले होते. ते तोवर रिक्षा बोलवायला गेले होते.

मला त्यांनी बसवलं तुरटीवर. तुरटीच्या पाण्यात स्पंज बुडवायचा, कागदाच्या एका बाजूला सारखा फिरवायचा, वाळत घालायचा. तुरटी नसेल तर रंग कागदाला धरतच नाही, धुताना सगळा निघून जातो. वाळल्यावर कोणती बाजू तुरटीची ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून तुरटी लावणाऱ्याने उलट्या बाजूच्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करायची. माझी खूण बारीकसा गोल. एकोणीस वर्षं मी तुरटी लावली. त्या एकोणीस वर्षांतल्या अण्णांच्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर माझा गोल आहे, आणि त्या गोलाबद्दल आजवर एकाही माणसाने मला विचारलेलं नाही.

हौदाला हात लावायचा नाही, असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे. मी जवळ गेले की ते कुंचा खाली ठेवायचे आणि मी परत जागेवर जाईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. कुणी बघायला आलं की माझी ओळख करून द्यायचे, "ही भिजवते." एवढीच ओळख. मीही काही गाय नव्हते. त्यांच्या डब्यातल्या कोशिंबिरीत मी मुद्दाम मिरची घालायची, त्यांना सोसत नाही हे माहीत असून. त्यांचा चष्मा वरच्या फळीवर ठेवायची. लहान लहान सूड होते, पण रोजच्या रोज घ्यायचे असल्यामुळे त्यांनी मला टिकवून ठेवलं असं मला वाटतं. बघून बघून मी सगळं शिकले होते. ते दुपारी अर्धा तास डुलकी घ्यायचे तेव्हा मी उरलेल्या पाण्यावर रद्दी कागद उतरवून बघायचे आणि पुरावा पिशवीत घालून घरी आणायचे.

चार वर्षांपूर्वी अण्णांना डेंग्यू झाला. बरे होऊन कामावर आले तर हात थरथरत होता. एका आठवड्यात अकरा कागदांना डोळे पडले. अकराही त्यांनी स्वतः फाडले, एकेक करून, घाई न करता. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. सांगताना मला वाईट वाटत होतं असं म्हणणार नाही. रविवारी जेवताना नवऱ्याने विषय काढला, "अण्णा, आता साकु की, पुरे झालं. किती दिवस करणार?" अण्णांनी भातावर ताक ओतून घेतलं. सोमवारी खोलीत गेल्यावर ते सरळ माझ्या जागेवर, तुरटीच्या पाटापाशी जाऊन बसले आणि स्पंज हातात घेतला. त्यांनी माझी जागा घेतली म्हणून त्यांची रिकामी झाली. दिली बिली काही नाही.

तेव्हापासून तुरटी ते लावतात आणि कागद मी करते. त्यांची खूण फुलीची. संध्याकाळी दोरीवरचा प्रत्येक कागद ते डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. दोष दिसला की तो ओला कागद दोन बोटांत धरून माझ्यापुढे आणायचे आणि मी घेईपर्यंत तसेच उभे राहायचे. मी घ्यायचा, फाडायचा. दुसऱ्या वर्षापासून ही वेळ महिन्यातून एखाद्याच कागदावर येऊ लागली. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. चांगला कागद ते दोरीवरून काढतसुद्धा नसत, पुढे जायचे.

अशात एक मुलगी आली. पुण्याची, आयटीत नोकरी, आणि जोडीला डायऱ्यांचा स्वतःचा धंदा. कुठल्याशा दुकानात तिला आमचा कागद मिळाला आणि ती शोधत शोधत खोलीपर्यंत आली. रविवार होता. आम्ही दोघं फक्त कागद मोजून बांधायला गेलो होतो, हौद कोरडा होता. अण्णा खुर्चीवर गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेले, मी खाली सुतळी गुंडाळत. तिने वरचा कागद उचलला, उलटा केला आणि फुली बघितली.

"ओ माय गॉड. काका, तुम्ही प्रत्येक पेपर साइन करता?"

"ती तुरटीची खूण आहे," मी म्हणाले. "उलटी बाजू कळावी म्हणून करतात. कागद मी करते."

"हो ना काकू, तुम्ही हेल्प करता ते दिसतंच आहे, किती छान. पण ॲक्च्युअली ही फुली काकांची आहे ना?"

"फुली त्यांची आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार, होतीच त्यांची.

मी अण्णांकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी. ते मूग गिळून बसले. मग तिला म्हणाले, "कॉफी घेणार?" आणि मला म्हणाले, "स्वल्प कॉफी सांगून ये." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉफी सांगून मी परत आले तेव्हा ती फुलीचा फोटो काढत होती आणि अण्णा तिला त्यांच्या वडिलांच्या गोष्टी सांगत होते, ज्या गोष्टी मी तेवीस वर्षांत कधी ऐकल्या नव्हत्या.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "तिला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तिनं मला कुठं विचारलं?" अण्णा म्हणाले, आणि ड्रायव्हरकडे वळून कन्नडमधून त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं.

तिने शंभर कागदांची ऑर्डर दिली. प्रत्येक डायरीत एक कार्ड असणार होतं, त्यावर कागद करणाऱ्याचं नाव आणि फोटो. देवनहळ्ळीकडे कुठल्याशा फार्मवर डायऱ्यांचा कार्यक्रम होता. तिथे मोठ्या पडद्यावर अण्णांचा व्हिडिओ दाखवायचा होता, कागद उतरवतानाचा. फोनवर तिने हे सगळं मलाच सांगितलं, कारण अण्णांना फोनवर नीट ऐकू येत नाही. मी परत एकदा म्हणाले की अण्णा आता कागद करत नाहीत. ती म्हणाली, "काकू, एकच करू दे त्यांना. लेगसी आहे ना. प्लीज."

मला माझं नाव हवं होतं. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. एकोणीस वर्षं तुरटीने बोटं फुटली तेव्हा मी कुणाची सही मागितली नाही. पण ते शंभर कागद मी केले होते, पाठ मोडेपर्यंत वाकून, आणि त्या कार्डावर ज्यांचं नाव येणार होतं त्यांनी त्यावर फक्त स्पंज फिरवला होता. माझ्याच वेळी ती खूण ही नुसती खूण का, आणि त्यांच्या वेळी ती सही का, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जाऊ दे गं, ब्याऐंशी वर्षांचा माणूस आहे." या घरात जाऊ द्यायचं काम मीच करते.

त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची बोंब होती. बोअर आटले होते. कावेरीचं पाणी आठवड्यातून दोनदा यायचं, तेही तासभर. घरी आंघोळीला माणशी अर्धी बादली होती आणि नवरा तेवढ्यावरूनही रोज कुरकुरायचा. खोलीत आम्ही दोन पिंपं ठेवली होती. निळ्यात कावेरीचं पाणी, फक्त मेथीसाठी. काळ्यात टँकरचं, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या बोअरचं, हात धुवायला आणि भांडी विसळायला. निळ्या पिंपावर अण्णांनी झाकण ठेवून वर वीट ठेवली होती. कुणी चुकून तांब्या बुडवू नये म्हणून.

शनिवारी सकाळी ती मुलगी व्हिडिओ काढायला येणार होती. शुक्रवारी पाचच्या सुमाराला मी मेथी भिजत घातली. अण्णा पुढे झेरॉक्सवाल्याशी बोलत उभे होते. मी विटेला हात लावला नाही. काळ्या पिंपातून चार बादल्या पाणी काढलं आणि त्यात मेथी टाकली. चुकून झालं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण चार बादल्या चुकून कुणी भरत नाही. कॅमेऱ्यासमोर अण्णांचा कागद बिघडावा, तो त्यांना रीतीप्रमाणे स्वतःच्या हाताने फाडावा लागावा, आणि मग त्या मुलीने मला विचारावं की मग हे शंभर कागद कुणी केले. एवढा साधा हिशोब. त्यांचा हात तसाही थरथरणार होता. मग पाणी कशाला बदललं? नाहीच थरथरला तर, म्हणून.

घरी गेल्यावर मी नीट जेवले आणि नीट झोपले. हेही सांगितलं पाहिजे.

शनिवारी अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. रिक्षात ते ड्रायव्हरशीसुद्धा बोलले नाहीत. ती मुलगी आधीच येऊन थांबली होती, तीन पायांचं स्टँड, गोल दिवा, सगळं घेऊन. मी मेथी गाळली, हौद भरला, वर्तमानपत्राच्या पट्टीने वरचा साय-पापुद्रा काढला, रंगांच्या वाट्या मांडल्या आणि भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिले. अण्णा चार वर्षांनी हौदापाशी स्टुलावर बसले. तिने फोन स्टँडवर बसवला, दिवा लावला आणि म्हणाली, "काका, कॅमेऱ्याकडे बघू नका, तुम्ही तुमचं करा."

अण्णांनी निळ्या रंगाचा कुंचा झटकला.

थेंब पसरला नाही. चार आण्याच्या नाण्याएवढा झाला आणि थांबला, आणि त्याच्या कडेला बारीक दाणे दिसायला लागले. त्या मुलीला यात काही कळण्यासारखं नव्हतं. आमच्या खोलीत हे दिसलं की काम तिथेच थांबतं, पाणी फेकून देतात. अण्णांचा कुंचा हवेत राहिला. त्यांनी निळ्या पिंपाकडे पाहिलं. वीट त्यांनी शेवटची ठेवली होती तशीच होती. आदल्या दिवशी मेथी घातली तरी पिंपावरची वीट हललेली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हौदाकडे बघत राहिले. मी नजर उचलली नाही. आता ते म्हणतील, पाणी बदल. किंवा त्या मुलीसमोर मला बोलतील, माझी अब्रू काढतील. तसं झालं असतं तर मला चाललं असतं, कारण मग मीही तोंड उघडलं असतं आणि तेवीस वर्षांचं सगळं त्या कॅमेऱ्यात गेलं असतं. मी त्यासाठी तयार होते. त्यांनी कुंचा परत बुडवला आणि पुढचा थेंब टाकला.

सगळे रंग त्यांनी टाकले, एकही वगळला नाही. निळा, मग पिवळा, मग पांढरा. प्रत्येक थेंब तसाच आखडून बसत होता. फणी घेतली आणि एकदा उभी, एकदा आडवी ओढली, जशी चांगल्या पाण्यावर ओढतात तशी, तेवढ्याच सावकाश. मग कागद उचलला. दोन समोरासमोरचे कोपरे दोन हातांत धरले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, थरथर कधी सुरू होते त्याची वाट बघत.

ती सुरूच झाली नाही. कागद एका कोपऱ्यावर टेकला आणि पुढे पुढे पाण्यावर निजत गेला, कुठे थांबला नाही, कुठे घाई झाली नाही. चार वर्षांत माझ्या हातून असा एकही कागद उतरलेला नाही. मला हे मान्य करायला त्रास होतो, पण मी तिथे उभी होते आणि मला कागद कळतो.

त्यांनी तो उचलून पाणी निथळू दिलं. एकही डोळा नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही नाही. बाकी सगळा कागद रवाळ, कडा तुटलेल्या, निळ्याची माती झालेली. हाताची चूक शोधूनही सापडली नसती. चूक होती ती सगळी पाण्याची.

"वॉव," ती मुलगी म्हणाली. "काय टेक्स्चर आलंय काका. हाच हवाय मला."

"हा वाईट आहे," अण्णा म्हणाले.

"नाही हो, थोडं इम्परफेक्ट असतं तेच ऑथेंटिक वाटतं."

अण्णांनी तिला विचारलं, "ते चालू आहे काय?"

"हो, रेकॉर्ड होतंय. बोला ना."

"सरी." ते स्टुलावरून उठले. ओला कागद त्यांच्या हातात होता आणि पाणी त्यांच्या शर्टवर ठिबकत होतं. "तू नेणार ते शंभर कागद मी केलेले नाहीत. चार वर्षं झाली, मी एकही केलेला नाही. सगळे हिनं केलेत. मी तुरटी लावतो. ती फुली तुरटीची."

मला जे हवं होतं ते झालं होतं. इतक्या स्पष्ट शब्दांत, दिव्याच्या उजेडात, मोठ्या पडद्यावर दिसेल असं. ती मुलगी माझ्याकडे वळून बघायला लागली आणि मी घडी घातलेले हात सोडले. अण्णा दोन पावलं चालत माझ्यासमोर आले. रोज संध्याकाळी धरतात तसा तो कागद त्यांनी दोन बोटांत माझ्यापुढे धरला.

"हाही हिचाच," ते म्हणाले.

मी घ्यायला हात पुढे केला नाही. ते उभे राहिले. त्यांना घाई नव्हती, कधीच नसते. शेवटी मी कागद घेतला आणि फाडला, दोन तुकडे, मग चार. ओला कागद फाडताना आवाज होत नाही. अण्णांनी काळ्या पिंपातल्या पाण्याने हात धुतले, चपला घातल्या आणि पुढे झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसले. ते काय बोलले हे त्या खोलीत फक्त मला कळलं होतं.

तिने फोन बंद केला. थोडा वेळ ती हौदाकडे, मग माझ्या हातातल्या तुकड्यांकडे बघत राहिली.

"काकू, हा तर आत्ता त्यांनीच केला ना? आपल्या समोर. मग तुमचा कसा?"

पाणी मी बदललं. एवढे तीन शब्द होते. मला ते म्हणता आले असते, तिला त्यातलं फारसं काही कळलंही नसतं. दारातून अण्णांचा पांढरा शर्ट दिसत होता. पाठ आमच्याकडे होती.

"वय झालंय त्यांचं," मी म्हणाले. "मधे मधे विसरतात. मनावर घेऊ नका."

"ओह," ती म्हणाली आणि दाराकडे बघून तिचा चेहरा एकदम मवाळ झाला. "बिचारे." मग तिने परत फोन उघडला. "ओके, मग कार्डवर तुमचं नाव घालते. स्पेलिंग सांगता?"

मी सांगितलं.